म्हण ना ते नळाचं

प्लंबर सिंकखाली वाकून पाना फिरवत होता आणि नळ काही केल्या थांबत नव्हता. थेंब, मग धार, मग पुन्हा थेंब. साडेचार वर्षांची जाई कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बराच वेळ नळाकडे लक्ष देऊन पाहिलं आणि मग मागे वळून आजोबांना सांगितलं,

"आबा, नळाला जुलाब लागलेत. ह्याला औषध कामून देईनात?"

तिची आई आसावरी पोळ्या लाटत होती. ती हसत हसत लाटणं हातात घेऊन खालीच बसली. प्लंबरला मराठीचं अक्षर कळलं नाही, पण बाई हसतायत म्हणून तोही हसला. आसावरीने पिठाच्या हातानेच मोबाइल उचलला आणि म्हणाली, "परत म्हण, परत म्हण ना." जाईने परत म्हटलं. आवाज नीट आला नाही म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं.

सगळ्यात जास्त हसले ते आबा, श्रीरामराव. कारण शब्द त्यांचा होता. हिंगोलीकडच्या एका गावात ढोरांच्या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं कंपाउंडर म्हणून काढली होती. नात दुपारभर त्यांच्याजवळ असे, आणि बाहुल्यांच्या दवाखान्यात येणारा प्रत्येक पेशंट जुलाब, नाहीतर गोचीड, नाहीतर पाय मुरगळणं एवढ्यापैकीच काहीतरी घेऊन येत असे. पोरीने नळाचंही निदान करून टाकलं, याचा त्यांना अभिमान वाटला. पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःचं ते हसू आठवत राहिलं आणि छळत राहिलं.

चंदीगडला ते दोन वर्षांपूर्वी आले होते. बायको अनुसया गेली, तेराव्याचं झालं, आणि मुलगा अविनाश म्हणाला, बाबा, आता एकटं राहायचं नाही. अविनाश सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. दिवसभर काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायचे, हे त्याचं काम. ("पप्पा जंतूंना खाऊ घालतात," जाई सांगायची. "पण जंतू पप्पाला थँक यू म्हणत नाहीत. लई अगोचर हायेत.") आसावरी मूळची पुण्याची, विद्यापीठात शिकवायची. घर प्रशस्त, रस्ते सरळ, झाडं रांगेत. कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचाच श्रीरामरावांना जास्त वैताग येई. भांडायचं तरी कोणाशी आणि कोणत्या भाषेत? भाजीवाल्याला कोबी मागितला तर तो तोंडाकडे बघायचा. बागेत म्हातारे जमत, पण ते पंजाबीत हसायचे. ते का हसले हे कळेपर्यंत दुसरा विनोद सुरू झालेला असे. अविनाश घरी आल्यावर लॅपटॉपमध्ये डोकं घालून "हं, हं" करायचा. मग श्रीरामराव वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचे, आणि सोडलेलं वाक्य कोणी विचारायचंही नाही.

राहिली जाई. शाळेची बस तिला दीड वाजता कॉलनीच्या फाटकापाशी सोडायची. तिथपासून आसावरी येईपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, ती त्यांची. शाळेत हिंदी, इंग्रजी काय बोलायची ती बोलायची, पण आबांना दुसरं काही येत नाही हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे बसमधून उतरताच तिची भाषा बदलायची. "आबा, तुमचे दात झोपायला ग्लासात कामून जातात?" "आबा, चांदोबाला कोणी खाल्लं, अर्धाच ऱ्हायलाय." आणि तिसऱ्या मजल्याचा जिना चढून आलं की दारात बसकण मारून, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, अगदी साठी उलटल्यासारखी म्हणायची, "अय माय वं, गुडघे गेले बाई माझे."

हे शेवटचं वाक्य अनुसयाचं होतं. जिना चढताना श्रीरामरावांच्या तोंडून ते आपोआप निघायचं, बायको म्हणायची तसंच, 'बाई'सकट. पोरीने ते जसंच्या तसं उचललं होतं. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. रोज दुपारी पावणेदोनला ते वाक्य जिन्याच्या वरच्या पायरीवर ऐकू यायचं, एवढंच.

नळाचा व्हिडिओ आसावरीने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. चाळीस माणसांचा ग्रुप. तिथून तो आणखी कुठे कुठे गेला. मग फोन सुरू झाले. पुण्याहून आसावरीची आई व्हिडिओ कॉल करायची आणि पोरीचं जेवण झालं का, हे विचारायच्या आधी म्हणायची, "जाई, म्हण ना ते नळाचं." परभणीचा मावसभाऊ म्हणायचा, "म्हण ना ते नळाचं." अविनाशच्या प्रयोगशाळेतला अंशुमन नावाचा मराठी विद्यार्थी रविवारी जेवायला आला, तोही बूट काढता काढता तेच म्हणाला. जाई म्हणायची. सुरुवातीला मजेत, मग पाठ केलेली कविता म्हणावी तशी, भिंतीकडे बघत.

वर आणखी एक गंमत व्हायची. हसून झालं की आसावरी तिला जवळ घेऊन समजवायची की 'कामून' नाही म्हणायचं राजा, 'का' म्हणायचं, 'हायेत' नाही, 'आहेत'. पोरगी आईच्या तोंडाकडे बघायची. म्हटलं की हसतात, हसून झालं की चूक म्हणतात, आणि पाहुणे आले की पुन्हा तेच म्हणायला लावतात. श्रीरामरावांना हे बघवेना. एकदा चहाच्या वेळी त्यांनी अविनाशला तसं सांगितलंही.

"बाबा, लोक कौतुकाने हसतात," अविनाश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"ते तुला कळतं. तिला कसं कळावं?"

"हं," अविनाश म्हणाला.

गणपतीत मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. शहरातले मराठी डॉक्टर, प्राध्यापक, बदलीवर आलेली सरकारी माणसं, सगळी मिळून दीड-दोनशे. हॉल भाड्याने घेतलेला. मोदक पुण्याहून विमानाने आलेले. मुलांचं गुणदर्शन होतं. कोणी स्तोत्र म्हटलं, कोणी पेटी वाजवली. सूत्रसंचालन करणाऱ्या यामिनीताईंनी जाईला मंचावर बोलावलं. तिला हिरवी नऊवारी नेसवली होती, नाकात चापाची नथ. श्रीरामराव तिसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

यामिनीताईंनी माइक खाली धरला आणि विचारलं की आमच्या छोट्या आजीबाई आज काय सांगणार? जाईने नळाचं सांगितलं. हॉल हसला. मग तिने गुडघ्यांचं सांगितलं, हात ठेवून. हॉल आणखी हसला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना ठसका लागला. श्रीरामरावही हसत होते. शेजारच्या माणसाला ते सांगतही होते, नात आहे माझी.

मग जाई थांबली. समोर दीडशे तोंडं उघडी होती आणि तितकेच मोबाइल वर होते. तिने नथ ओढली. इकडे तिकडे पाहिलं, आणि माइकमध्येच म्हणाली, "मला खाली जायचंय. मला खाली जाऊ द्या वं माय."

हे तिने गमतीने म्हटलं नव्हतं. पण सगळ्यात मोठा हशा याला झाला. टाळ्या पडल्या. यामिनीताई हसता हसता म्हणाल्या, "वन्स मोअर."

श्रीरामरावांचं हसू तोंडावरच राहिलं. पोरीचा चेहरा त्यांना स्पष्ट दिसत होता. बैलाला पाडून पाय बांधले की त्याचे डोळे जसे होतात, तसे तिचे डोळे झाले होते. ते उठले. रांगेतून बाहेर पडायला सहा जणांचे पाय ओलांडायचे होते. "जाऊ द्या, जाऊ द्या मला," म्हणत ते कडेला पोचले, तेव्हा यामिनीताईंनी तिला उचलून खाली दिलंसुद्धा होतं आणि पुढचा मुलगा तबला घेऊन वर चढत होता.

गाडीत ती आईच्या मांडीवर होती. मध्य मार्ग या रस्त्यावरच्या सिग्नलला तिने विचारलं, "पापा, घर कब आएगा?"

घरच्यांशी ती हिंदीत बोलली, याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष गेलं नाही. श्रीरामरावांचं गेलं.

त्यानंतर ती मराठीत बोललीच नाही. समजायचं सगळं. "पाणी आण" म्हटलं की आणायची, "चप्पल काढ" म्हटलं की काढायची. पण उत्तर हिंदीत. आबांचं 'दादू' झालं. जिना चढून आली की ती नुसतीच दारापाशी उभी राहायची. श्रीरामराव मुद्दाम दोन पायऱ्या मागे राहायचे, वर गेल्यावर काही ऐकू येईल म्हणून. ऐकू यायची ती शेजारच्यांची कडी.

त्यांनी नाना प्रकार केले. बाहुल्यांचा दवाखाना मांडला, तर तिने पेशंटला "कहाँ दर्द है?" विचारलं. गोष्टी सांगितल्या, तर ऐकायची, आणि शेवटी "फिर?" म्हणायची. त्यांनी सूनबाईला विचारलं. आसावरी आधीच वैतागलेली होती. ती म्हणाली, "मी मराठीतच बोलते बाबा, ती उत्तर हिंदीत देते, मी काय तिचं तोंड धरू?" तिची आई पुण्याहून दर फोनला तिला टोमणे मारत होती की नात पंजाबी झाली म्हणून. अविनाश म्हणाला, वयच असं असतं, येईल परत. शाळेतल्या बाई मात्र खूश होत्या. डायरीत लिहून आलं होतं की जाईच्या हिंदीत फारच सुधारणा आहे.

श्रीरामरावांची रात्रीची भूक गेली. दुपार नुसती लांबत गेली. दीड ते सहा, साडेचार तास, त्यांच्या कानावर त्यांची भाषा पडत नव्हती. गावाकडच्या जुन्या शिपायाला फोन लावावा तर तो शेतात असायचा. माणसांनी भरलेल्या घरात आपण मुके झालो, असं त्यांना वाटू लागलं. आणि माणूस असा कोंडला की त्याचा राग सगळ्यात सोप्या जागी निघतो.

त्यांनी ठरवलं, की हिंदी आपल्याला कळतच नाही असं करायचं. मराठीत मागेल तर मिळेल.

पहिल्या दिवशी तिने केळं मागितलं. ते म्हणाले, "मला समजत नाही. नीट सांग." ती थोडा वेळ उभी राहिली आणि केळं न खाताच खेळायला गेली. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा रिमोट मागितला. तोही तिने सोडून दिला. साडेचार वर्षांच्या पोरीत एवढा हट्ट कुठून आला, म्हणून त्यांना रागही आला आणि मनातून थोडं बरंही वाटलं. हट्ट अनुसयाचाच होता.

तिसरा दिवस गुरुवार. शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टला आतून चड्डी जोडलेली होती आणि मागे एक घट्ट हूक होता, तो तिला काढता यायचा नाही. श्रीरामराव खुर्चीत बसून कालचाच मराठी पेपर मोबाइलवर पुन्हा वाचत होते. ती आली.

"दादू, हुक खोल दो. सूसू आई है."

त्यांनी मान वर केली नाही. "मला समजत नाही. मराठीत सांग."

"दादू, जल्दी."

"आबा म्हण. आणि मराठीत सांग. तुला येतं सगळं."

ती दोन्ही पाय एकमेकांवर घासत उभी राहिली. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. तिचे ओठ हलत होते. शब्द ओठांपर्यंत आला होता, त्यांना अगदी दिसत होता. आणखी थोडं थांबलं की येणार, म्हणून ते थांबले. जनावर औषध गिळेपर्यंत जबडा धरून ठेवायचा असतो, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. जिंकलो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग फरशीवर पाणी पसरलं. आधी मोज्यांभोवती, मग त्यांच्या खुर्चीच्या पायापर्यंत.

जाई रडली नाही. ती त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होती. मग तिने स्कर्ट दोन्ही मुठींत धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"वीडियो मत बनाना, दादू. प्लीज़."

श्रीरामरावांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. जे सुचत होतं ते मराठीत होतं, आणि मराठीत आत्ता तिच्याशी बोलण्याचा हक्क आपल्याला उरला नाही, असं त्यांना वाटलं. शेवटी ते म्हणाले, "नहीं बनाता. नहीं बनाता, बेटा." नातीशी बोललेलं ते त्यांचं पहिलं हिंदी वाक्य.

त्यांनी तिला न्हाणीघरात नेलं, हूक काढला, कोमट पाण्याने पाय धुतले. आयुष्यभर ज्या हातांनी गायीम्हशींच्या जखमा धुतल्या, त्याच हातांनी. तिला कोरडा फ्रॉक घातला. फरशी दोनदा पुसली, स्कर्ट आणि मोजे साबणाने धुऊन बाल्कनीत वाळत घातले. हे सगळं होईस्तोवर ती स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होती. काम झाल्यावर ते तिच्यासमोर खाली बसले, गुडघे कुरकुरले, तरी तोंडातून नेहमीचं वाक्य येऊ दिलं नाही.

"केला खायेगी?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. दोन केळी खाल्ली.

सहाला आसावरी आली. गुरुवारी गणवेश धुतलेला पाहून तिने विचारलं. श्रीरामराव म्हणाले, माझ्या हातून चहा सांडला तिच्या अंगावर, गार होता. आसावरी म्हणाली, "बाबा, जरा सांभाळून हो." ते बरं म्हणाले. जाईने आईकडे पाहिलं नाही, आबांकडे पाहिलं.

जेवण झाल्यावर पोरगी झोपायच्या खोलीत गेली, तेव्हा त्यांनी दोघांना थांबवून घेतलं. म्हणाले, तिचे ते व्हिडिओ काढून टाका. आसावरीला आधी राग आला. सगळ्या आया करतात, तिने काय पोरीचं वाईट केलं होतं? श्रीरामरावांनी वाद घातला नाही. एरवी ते घालत. ते एवढंच म्हणाले,

"तिला वाटायलंय आपण तिच्यावर हसलो. आणि सूनबाई, खरं सांगू का, आपण तिच्यावरच हसलो. मी पण."

आसावरीने मोबाइल उघडला. हॉलमधला तो शेवटचा व्हिडिओ तिने आवाज बंद करून पाहिला, आणि आवाज नसल्यामुळेच की काय, तिला पोरीचा चेहरा पहिल्यांदा दिसला. तिने एकेक करून सगळे पुसले. अविनाश म्हणाला, पण ग्रुपवर चाळीस जण आहेत, त्यांनी पुढे कोणाकोणाला पाठवले असतील, ते कसे काढणार? त्याचं बरोबर होतं. श्रीरामराव उठले आणि आपल्या खोलीत गेले.

मराठी परत येईल का, हे त्यांनी नंतर कोणाला विचारलं नाही. शुक्रवारी ते सव्वालाच फाटकापाशी गेले. तिथला पहारेकरी त्यांना रोज सलाम करायचा आणि ते रोज नुसती मान हलवायचे. त्या दिवशी ते त्याच्या स्टुलाशेजारी उभे राहिले. त्याला विचारून विचारून एकेक वाक्य घोकलं. आज शाळेत काय केलं, हे कसं म्हणायचं. भूक लागली का, हे कसं म्हणायचं. पहारेकऱ्याने आधी गंमत म्हणून सांगितलं, मग त्यांचा चेहरा बघून नीट सांगितलं.

दीडची बस पावणेदोनला आली. फाटकापाशी चार-पाच आया, एक आजी, स्कूटरवर बसलेले एक सरदारजी उभे होते. जाई उतरली. श्रीरामरावांनी तिचं दप्तर घेतलं, घसा साफ केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आज तुम्हारा बस बहुत देर से आया, बेटा."

एका बाईने वळून पाहिलं. जाईनेही पाहिलं, आधी त्या बाईकडे, मग सरदारजींकडे, मग बसच्या खिडक्यांकडे. कोणी हसत नव्हतं. तेवढी खात्री झाल्यावर तिने त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. श्रीरामराव वाकले. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं, वर हाताचा आडोसा केला, आणि दुसऱ्या कोणाला जराही ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितलं,

"बस आया नहीं होता, दादू. बस आई."

"बस आई," श्रीरामराव तितक्याच हळू म्हणाले, आणि तिचं बोट धरून घराकडे चालू लागले.